देवाचे अलंकार आणि त्र्यंबकराजाचा हिरा

जीर्णोद्धार म्हटला की सर्वांची दृष्टी प्रथम शिखराकडे जाते. गाभाऱ्याचा दगड, सभामंडपाचे खांब, कळसाचा मुलामा यांची चर्चा पारावर होते, तशीच घरोघरीही होते. परंतु देवाची आणखी एक ठेव असते. ती पंचांच्या किंवा पुजाऱ्याच्या घरी पेटीत कुलूपबंद असते. जत्रेला, नवरात्रात, दसऱ्याला ती पेटी उघडते. मुखवटा, टोप, चांदीचे डोळे, करदोटा, पुतळ्यांची माळ, छत्र, चवरीची मूठ अशा वस्तू एकेक करून बाहेर निघतात. पूजा झाली की त्या पुन्हा पेटीत जातात. या वस्तू कोणी दिल्या, केव्हा दिल्या, कशासाठी दिल्या, हे बहुतेक ठिकाणी एखाद्या वृद्ध माणसालाच ठाऊक असते. तो गेला की त्याच्याबरोबर ती माहितीही जाते.

मंदिराची भिंत पडली तर ती सर्वांना दिसते. दागिन्याचा इतिहास पुसला गेला तर तो कोणालाच दिसत नाही. म्हणून जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी देवाच्या अलंकारांचा आणि राजेरजवाड्यांच्या लहानसहान स्मृतिवस्तूंचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

राजांनी दिलेले, प्रजेने दिलेले

आपल्याकडे राजाने देवाला अलंकार अर्पण करण्याची चाल फार प्राचीन आहे. राज्य देवाचे, राजा त्याचा सेवक, ही त्यामागची भावना. श्री छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकापूर्वी, इ. स. १६७४ च्या मे महिन्यात, प्रतापगडच्या श्रीभवानीचे दर्शन घेतले आणि देवीला सव्वा मण सोन्याचे छत्र वाहिले. त्यानंतर ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्याच्या मस्तकावर छत्र धरले जाणार होते त्याने आधी देवीवर छत्र धरले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

त्याच राज्याभिषेकात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर होता. दरबारात गर्दी फार होती. तेव्हा दुभाष्या नारायण शेणवी याने महाराजांना दिसावी म्हणून हिऱ्याची अंगठी हात उंच करून दाखविली, असे ऑक्झिंडेनने लिहून ठेवले आहे. अंगठी ती केवढीशी! पण तिची नोंद कागदावर उतरली म्हणून आज साडेतीनशे वर्षांनीही तो उंचावलेला हात आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. लहान वस्तूला मोठेपण येते ते असे.

पंढरपूरच्या रुक्मिणीमातेच्या अलंकारांत बाजीराव गरसोळी नावाचा दागिना आहे. चिंचपेटी, तन्मणी, तारामंडल यांच्या पंक्तीत हे एक नाव असे आहे की उच्चारताच पेशवाई आठवावी. वस्तू आणि नाव दोन्ही टिकली, तर इतिहास सांगायला वेगळा कीर्तनकार लागत नाही.

पुतळ्यांच्या माळेची गोष्ट तर याहून गमतीची आहे. पुतळी म्हणजे मूळचे एक सोन्याचे नाणे. युरोपातील व्हेनिस या व्यापारी राज्याचे हे नाणे अरबी समुद्रामार्गे आपल्या बंदरांत येई. त्याच्या एका बाजूस त्यांचा राज्यप्रमुख एका संतापुढे गुडघे टेकून बसलेला असे, तर दुसऱ्या बाजूस येशू ख्रिस्ताची उभी आकृती असे. नाण्यावर माणसांच्या पुतळ्या दिसतात म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. सोने चोख, म्हणून ते नाणे गळ्यात आले आणि गळ्यातून देवाच्या पेटीतही आले. पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडविल्या आणि त्यांवर आपल्या देवतांच्या आकृती उमटविल्या. दूरदेशीच्या राज्याचे नाणे असे देवीच्या गळ्यात पोहोचले, आणि देवीने त्याला परके मानले नाही.

या माळेत आणखी एक बोध आहे. एखादी पुतळी सरदाराने वाहिलेली असते, एखादी मजुरी करणाऱ्या बाईने मूल वाचले म्हणून नवसाची वाहिलेली असते. माळेत ओवल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती कोणाची, हे फक्त वहीच सांगू शकते. वही नसेल तर राजाचे नाव एखादेवेळी तोंडी राहील, पण त्या बाईचे नाव राहणार नाही.

त्र्यंबकराजाचा हिरा

नोंद, राखण आणि मूळ रूप या तिन्ही गोष्टी सुटल्या म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. ते म्हणजे जगात ‘नाशिकचा हिरा’ या नावाने प्रसिद्ध असलेले रत्न.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाजवळ, श्रीत्र्यंबकेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. आजचे काळ्या पाषाणाचे भव्य देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधावयास घेतले व ते १७८६ साली पूर्ण झाले. हा हिरा मात्र या देवालयापूर्वीपासून, म्हणजे सुमारे पंधराव्या शतकापासून, त्र्यंबकराजाजवळ होता असे परंपरा सांगते. तो निघाला कृष्णाकाठच्या खाणीतून. गोवळकोंड्याचे हिरे म्हणून ज्यांची जगभर ख्याती झाली ते याच मुलखातले. हिऱ्याचे वजन होते सुमारे ९० कॅरेट, म्हणजे आपल्या मापाने सुमारे दीड तोळा. एवढ्या वजनाचे सोने आज पुष्कळ घरांत सापडेल, पण एवढा हिरा साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतक्यांकडेच असेल.

त्याला पैलू पाडले होते ते आपल्या देशी कारागिरांनी. देशी कारागिराची रीत अशी की हिऱ्याचे वजन शक्य तितके राखावे, त्याच्या मूळ आकाराला धरून पैलू घालावेत. त्यामुळे चकाकी थोडी कमी पडे, पण रत्न मूळचे होते तसे राही. युरोपातील कारागिराची दृष्टी निराळी होती. वजन गेले तरी चालेल, पण झळाळी हवी. या दोन दृष्टींतील फरक पुढे या हिऱ्याला भोवला.

इ. स. १८१७ मध्ये इंग्रज व मराठे यांचे शेवटचे युद्ध पेटले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. दुसरे बाजीराव पेशवे फौजेनिशी मुलूखभर फिरत राहिले. १८१८ च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन त्यांना उत्तरेत गंगाकाठी बिठूरला जाऊन राहावे लागले. तेथेच १८५१ साली त्यांचा अंत झाला.

या धामधुमीत हिरा देवापासून सुटला. तो बाजीरावांच्या जवाहिरात आला होता व तेथून कर्नल ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागला, असे सांगतात. ब्रिग्जने तो गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्याकडे दिला आणि युद्धातील लूट म्हणून तो कंपनीच्या मालमत्तेत जमा झाला. देवाची वस्तू राजाकडे गेली ती संकटकाळ म्हणून. राजाची वस्तू शत्रूकडे गेली ती पराभव म्हणून. पण मध्ये कोठेही ‘ही वस्तू त्र्यंबकराजाची आहे’ असे कोणी ठणकावून सांगितले, आणि ते ऐकले गेले, असे झाले नाही.

दीड तोळ्याचा पाऊण तोळा

हिरा लंडनच्या बाजारात गेला. १८१८ साली रंडेल आणि ब्रिज या नामांकित जवाहिऱ्यांनी तो सुमारे ३,००० पौंडांस घेतला. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, त्याला नव्याने पैलू पाडले. ९० कॅरेटचा हिरा सुमारे ८० कॅरेटचा झाला. देशी कारागिराने घातलेले पैलू तेथेच संपले.

१८३१ साली इमॅन्युएल बंधूंनी तो ७,२०० पौंडांस घेतला. १८३७ साली तो लिलावात निघाला आणि वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसाने, म्हणजे तिकडच्या एका बड्या सरदाराने, खरेदी केला. त्याच वेळी त्याने अर्काटचे हिरेही घेतले. अर्काटच्या नबाबाने इंग्लंडच्या शार्लट राणीला नजर केलेले ते हिरे. दोन दिशांनी निघालेली हिंदुस्थानची रत्ने अशी एकाच घरात आली. नाशिकचा हिरा मार्क्विसाच्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसला. जो शिवासमोर होता, तो समारंभात मिरवावयाच्या तलवारीत गेला. सुमारे ९० वर्षे तो त्या घराण्यात होता.

१९२७ साली त्या घराण्याने तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्यास विकला आणि तेथून तो अमेरिकेत गेला. येथे एक फार मासलेवाईक प्रकार घडला. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूवर अमेरिकेत जकात नव्हती. हिरा आणणाऱ्यांचे म्हणणे पडले की ही पुरातन कलावस्तू आहे, जकात माफ व्हावी. प्रतिस्पर्धी जवाहिऱ्यांनी हरकत घेतली की हा बाजारात विकावयाचा हिरा आहे, जकात भरलीच पाहिजे. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने आणणाऱ्यांची बाजू घेतली. वरच्या न्यायालयाने १९३० च्या सुमारास तो निकाल फिरविला. त्याने ठरविले की हा दागिन्यात बसविण्याजोगा पैलू पाडलेला हिरा होय, पुरातन कलावस्तू नव्हे.

या निकालाचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. ज्याच्यापुढे शतकानुशतके लोकांनी हात जोडले, ज्याला जग ‘मूर्तीचा डोळा’ म्हणून ओळखते, त्याचा वाद जकातीच्या दरावर चालला. आणि त्या वादात त्र्यंबकेश्वराकडून उभा राहणारा कोणी नव्हता.

यानंतरची हकीकत थोडक्यात अशी. १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने हा हिरा पॅरिसमध्ये घेतला आणि पुन्हा पैलू पाडून चौकोनी घाटाचा केला. आता वजन राहिले ४३.३८ कॅरेट, म्हणजे सुमारे पाऊण तोळा. १९४४ साली तो न्यूयॉर्कच्या एका धनिक स्त्रीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला आणि तिने तो अंगठीत घातला. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात मालमोटारींच्या वाहतुकीचा धंदा करणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाने त्याला ५ लाख डॉलर मोजले. पुढे १९७७ साली तो मूळच्या लेबनॉनच्या मुआवाद या जवाहिर घराण्याकडे गेला.

दीड तोळ्याचा हिरा पाऊण तोळ्याचा झाला. प्रत्येक मालकाने तो अधिक सुंदर केला असे त्या त्या काळी म्हटले गेले. किंमतही वाढत गेली. पण प्रत्येक वेळी देवाच्या मूळ हिऱ्यातील काही भाग भुकटी होऊन गेला, तो कायमचा. आज उद्या तो परत आला, तरी त्र्यंबकराजाचा जसाच्या तसा हिरा येणार नाही. नाव परत येईल, हिरा निम्माच येईल.

परत आलेल्या वस्तू आणि पुराव्याची गोष्ट

परदेशी गेलेल्या वस्तू कधी परत दिसतच नाहीत असे नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ पासून सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना पाहावयास मिळाली. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला मिळाली होती, आणि १९७१ साली त्याच्या वंशजाकडून ती संग्रहालयास मिळाली. ती पाहण्यास गेलेल्यांच्या मनात १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाखालचा प्रसंग उभा राहिल्याशिवाय राहिला नाही.

परंतु त्या संग्रहालयाने एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली आहे. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी वापरलेली हीच वाघनखे, असे खात्रीने सिद्ध करता येत नाही. डफच्या हाती ती येण्यापूर्वीच्या दीडशे वर्षांच्या अखंड नोंदी नाहीत. वस्तू आहे, डबी आहे, डबीवर मजकूर आहे, पण साखळीतल्या मधल्या कड्या नाहीत. ज्या कड्या तेव्हा कोणीतरी एका ओळीत लिहून ठेवल्या असत्या, त्या आता कितीही पैसा ओतला तरी मिळत नाहीत.

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळविली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आली. या तलवारीवर रघूजींचे नाव कोरलेले होते, म्हणून ती कोणाची हा प्रश्नच उरला नाही. एका वस्तूवर नाव होते, तिची ओळख पटली. दुसरीची नोंद तुटली, तिच्याविषयी शंका राहिली. यातून घ्यावयाचा तो बोध स्पष्ट आहे.

मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्याशेजारी एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची ती खूण. त्या मोहिमेतल्या घंटा भीमाशंकरी आहेत, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही आहेत. सोन्याचा एक कणही त्यांत नाही. पण त्या कोणी वितळविल्या नाहीत, आणि रोज चारचौघांच्या नजरेसमोर राहिल्या. म्हणून आजही त्या त्याच घंटा आहेत आणि वसईचा विजय सांगत आहेत.

जीर्णोद्धाराच्या वेळी काय जपावे

आता वळावयाचे ते आपल्या घरच्या देवाकडे. प्रत्येक गावच्या देवाजवळ नाशिकचा हिरा नसतो. पण प्रत्येक देवाच्या पेटीत गावाचा इतिहास असतो. जीर्णोद्धाराच्या काळात या पेटीला सर्वांत अधिक धोका असतो, आणि तो चोरापासून नव्हे, तर चांगल्या हेतूपासून. कळसाला सोने कमी पडते, नवा मुकुट करावयाचा असतो, आणि कोणीतरी म्हणते, ‘जुने झिजलेले दागिने मोडून एकच मोठा अलंकार करू.’ हेतू वाईट नसतो. पण रंडेल आणि ब्रिज यांनीही हिरा अधिक तेजस्वी व्हावा म्हणूनच घासला होता. मुशीत गेलेली पुतळी पुन्हा पुतळी होत नाही. वजन तेवढेच उरते, देणारा उरत नाही.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक देवस्थानाने कराव्यात.

पेटी पंचांसमक्ष उघडावी. प्रत्येक नगाला क्रमांक देऊन त्याचे नाव, धातू, वजन, माप, खड्यांची संख्या, त्यावरील अक्षरे वा चिन्ह, देणाऱ्याचे नाव व गाव, आणि माहीत असल्यास साल, अशी नोंद पक्क्या वहीत करावी. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून वहीस जोडावे. जेथे नुसती ऐकीव माहिती असेल तेथे ‘अमुक वृद्धांच्या सांगण्यावरून’ असे स्पष्ट लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहिली तर तीही पुढे उपयोगी पडते. खरी म्हणून लिहिली तर वहीवरचाच विश्वास उडतो. वहीच्या दोन प्रती ठेवाव्यात व त्या दोन ठिकाणी असाव्यात.

देवस्थान १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असल्यास, त्याची जंगम मालमत्ताही धर्मादाय कार्यालयातील नोंदीत असते. त्या नोंदीत फेरफार झाल्यास ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. दागिने जंगम मालमत्तेत येतात, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. कोणी ओळखीचा म्हणून किंवा चांगली किंमत देतो म्हणून जुना मुखवटा, नाणी वा दिवा परक्याच्या हाती देऊ नये.

पाया खणताना अथवा जुनी भिंत उतरविताना हंडा, नाणी, दागिने सापडल्यास ते वाटून घेऊ नयेत व लपवू नयेत. १८७८ सालच्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. सापडलेल्या जागेवरच पंचनामा झाला तर त्या नाण्यांवरून देवळाचा काळ कळू शकतो. वाटून घेतली तर प्रत्येकाच्या घरी चार नाणी येतील आणि गावाचा इतिहास कायमचा जाईल.

आणि शेवटची गोष्ट देणगीदारांविषयी. या जीर्णोद्धारास कोणी लाख दिले असतील, कोणी एक दिवसाची मजुरी दिली असेल, कोणी गळ्यातला मणी काढून दिला असेल. त्यांची नावे फरशीवर कोरली जातील तशी वहीतही यावीत. फरशी झिजते, रंगाखाली जाते. वही सांभाळली तर शंभर वर्षांनंतरच्या मुलालाही आपल्या पणजीचे नाव तीत सापडेल.

त्र्यंबकराजाचा पंचमुखी सुवर्ण मुखवटा दर सोमवारी पालखीतून कुशावर्तावर नेतात. हिरा गेला, देवाचे वैभव गेले नाही. कारण देवाचे वैभव रत्नात नसते, ते लोकांच्या निष्ठेत असते, हे खरेच. पण निष्ठेने दिलेल्या वस्तूची राखण करणे हाही त्या निष्ठेचाच भाग आहे. देवाला दागिन्याची गरज नाही. गरज आहे ती गावाला, आपण कोण, आपल्या वाडवडिलांनी कशासाठी हात जोडले, हे आठवण्याची.

नव्या मंदिराच्या शिखराबरोबर जुन्या पेटीची वहीही पूर्ण होवो, आणि श्रींचे अलंकार पुढील पिढ्यांच्या हाती जसेच्या तसे, देणाऱ्यांच्या नावांसह पोहोचोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.